आधी कर्नल बघ, मग रिझोल्यूशन

मित्रा, स्क्रीनचं रिझोल्यूशन वाढत नाही म्हणून एक्सरँडर (xrandr, रिझोल्यूशन बदलायची कमांड) वापरून नवे मोड जोडत बसू नकोस. डेबियन 12 या लिनक्सवर इंटेल आर्क ए750 हे ग्राफिक्स कार्ड लावल्यावर स्क्रीन 1024×768 वर अडकली, म्हणजे बहुतेक कार्डाला ड्रायव्हरच मिळालेला नाही. बूट होताना मिळालेल्या साध्या फ्रेमबफरवरच, म्हणजे ड्रायव्हरशिवायच्या कामचलाऊ चित्रावरच, सगळं चाललंय.

टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) चालव, कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर मिळालाय ते कळेल. कार्डाच्या नावाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' (Kernel driver in use) ही ओळ दिसते का? नसेल तर दुखणं तिथेच आहे. हे कार्ड ऑक्टोबर 2022 चं. त्याला आपोआप ओळखणारा पहिला कर्नल (लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर यातच असतात) 6.2, आणि डेबियन 12 मध्ये येतो 6.1. बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजेस देणारा डेबियनचाच साठा) नवा कर्नल घे, सोबत नॉन-फ्री फर्मवेअरही (कार्डाला चालायला लागणाऱ्या कंपनीच्या फाइल्स) तिथलंच घे. फर्मवेअर राहिल्यामुळे माझे अख्खे दोन दिवस गेले होते, म्हणून कळकळीने सांगतोय.

इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडली म्हणून 'नोमोडसेट' (nomodeset, ग्राफिक्स ड्रायव्हरला रोखणारा बूटचा पर्याय) टाकलं होतंस का? मग ग्रबच्या (GRUB, कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) सेटिंगच्या फाइलमधून ते काढ, 'अपडेट-ग्रब' (update-grub) चालव आणि रीबूट कर. ते असेपर्यंत कर्नल कितीही नवा असला तरी ड्रायव्हर स्क्रीन ताब्यात घेत नाही.

जुना कर्नल मात्र लगेच उडवू नकोस. नव्याने दगा दिला तर ग्रबच्या मेनूतून जुन्यावर परत येता येतं.