पहिल्या परदेशवारीसाठी, परभणीच्या मित्राला

मित्रा, पहिल्याच फटक्यात युरोपचे सात देश नकोत. नेपाळ धर. आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार चालत नाही. इथेच बरेच जण अडकतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- आठ दिवसांत पाच गावं. मीही केलं, आठवतो तो फक्त बसप्रवास. काठमांडू, पोखरा पुरे. काठमांडूजवळच्याच भक्तपूरच्या कुंभारचौकात सकाळी निवांत बस, उन्हात वाळणारी मडकी बघ. आपल्या कुंभारवाड्याची आठवण येईलच.
- जड बॅग. धपाटे, शेंगाचटणी घे, पण जिन्याने स्वतः उचलता येईल एवढंच.

एकट्याची भीती वाटते? आधी वेरूळला एकटा जाऊन ये. मंगळवारी लेणी बंद असतात. बाकीचं बोलू तिकीट काढल्यावर.