राजीनाम्याचा मेल पाठवण्यापूर्वी

तुमची पोस्ट वाचताना मला माझीच जुनी फाईल पुन्हा उघडल्यासारखे वाटले. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर एका छोट्या व्हिडिओ कॉलवर तुमचे पद रद्द झाल्याचे सांगण्यात आले आणि त्याच कॉलमध्ये एचआरने ‘शुक्रवारपर्यंत राजीनाम्याचा मेल पाठवा, म्हणजे तुमचे रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असे सुचवले, असे तुम्ही लिहिले आहे. तुमचा प्रश्न मात्र रिझ्युमे कसा बदलावा आणि मुलाखतीत ही गोष्ट लपवावी का, असा आहे. त्याकडे मी शेवटी वळेन, कारण माझ्या मते आज तुमच्यासमोरचा खरा प्रश्न त्या मेलचा आहे. खर्च आवरणे, हप्त्यांचा हिशेब मांडणे, घरच्यांना लगेच सांगणे याबद्दल इतरांनी पुरेसे लिहिले आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही.

आधीच स्पष्ट करते की मी वकील नाही, आणि कामगारविषयक नियम देशाप्रमाणे, पदाप्रमाणे आणि करारातील कलमांप्रमाणे बदलतात. मी सांगते ते एका कर्मचाऱ्याच्या अनुभवातून आलेले आहे, एवढेच धरून चला.

माझ्या जुन्या कंपनीतही हाच प्रस्ताव जवळपास याच शब्दांत आला होता. मी राजीनामा दिला नाही. पद रद्द झाल्याचे लेखी द्यावे, अशी मागणी केली. ‘धोरणात बसत नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले आणि अखेरच्या दिवशी जे कार्यमुक्तीपत्र हाती आले, त्यात ‘आपल्या विनंतीवरून आपणास सेवेतून मुक्त करण्यात येत आहे’ असे वाक्य होते. विनंती कोणीच केलेली नव्हती. मी ते निदर्शनास आणून दिले, तेव्हा हा ठरावीक मसुदा आहे, तो कोणी वाचत नाही, असे मला समजावण्यात आले.

तो दोन ठिकाणी अगदी बारकाईने वाचला गेला. पहिले ठिकाण विमा कंपनीचे. माझ्या कर्जासोबत नोकरी गेल्यास काही हप्ते भरणारा विमा होता, परंतु अशा विम्यांत स्वतःहून सोडलेली नोकरी सहसा धरली जात नाही, आणि त्या एका वाक्यामुळे माझी नोकरी मी स्वतःहून सोडलेली ठरली. (ज्या देशांत सरकारी बेरोजगारी भत्ता मिळतो, तिथेही राजीनामा दिलेल्यांना तो बहुधा नाकारला जातो किंवा उशिरा मिळतो.) दुसरे ठिकाण नव्या कंपनीच्या पार्श्वभूमी पडताळणीचे. मुलाखतीत मी विभाग बंद झाल्याचे खरे कारण सांगितले होते आणि जुन्या कंपनीच्या नोंदीत ‘स्वेच्छेने राजीनामा’ असे लिहिलेले होते. माझे खरे बोलणेच विसंगती म्हणून नोंदवले गेले. नव्या कंपनीने सौजन्याने खुलासा मागितला. पण जुन्या कार्यालयात पाठवलेली प्रत्येक तक्रार काही दिवसांनी ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केली जात होती. फोन उचलणारी व्यक्ती दर वेळी वेगळी असे, आणि ज्यांना माझे प्रकरण ठाऊक होते तेही एव्हाना कपातीत गेले होते. दुरुस्त पत्र येईपर्यंत ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली होती. एका वाक्याची दुरुस्ती करायला एवढा काळ का लागावा, याचे उत्तर मला आजही कोणी दिलेले नाही, आणि हे लिहिताना राग येत नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल.

अखेर ती दुरुस्ती झाली, ती विभाग बंद होत असल्याची घोषणा करणारा व्यवस्थापनाचा मेल आणि त्या बैठकीचे निमंत्रण यांच्या प्रती माझ्याकडे होत्या म्हणून. त्यामुळे कंपनीचे लॉगिन बंद होण्याआधी स्वतःशी संबंधित कागद, म्हणजे नियुक्तीपत्र, पगारपत्रके, मूल्यमापनाची पत्रे आणि कपातीविषयी तुम्हाला आलेला पत्रव्यवहार, जपून ठेवा. कंपनीच्या गोपनीय फायलींना मात्र हात लावू नका. तेवढे निमित्त त्यांना पुरते. जाता जाता आणखी एक गोष्ट: बँक किंवा अन्य खात्यांचे ओटीपी कार्यालयाने दिलेल्या क्रमांकावर येत असतील, तर तो क्रमांक आजच बदला.

एचआरला उत्तर मात्र लेखीच द्या, आणि ते रागाचे नसावे. मी तुमच्या जागी असते तर एवढेच लिहिले असते: ‘माझे पद रद्द झाल्याचे आजच्या बैठकीत मला कळवण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही. कृपया सेवासमाप्तीचे कारण, शेवटचा दिवस, नोटीस कालावधीचे वेतन, शिल्लक रजेचा मोबदला आणि आरोग्यविमा कोणत्या तारखेपर्यंत लागू राहील, हे लेखी कळवावे.’ राजीनाम्याच्या बदल्यात ठोस जादा रक्कम देऊ केली असेल, तर गोष्ट वेगळी. तो एक व्यवहार आहे आणि तो फायद्याचाही असू शकतो. परंतु अशा करारात पुढे कोणताही दावा न करण्याची किंवा प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याची अट असू शकते, म्हणून सही करण्यापूर्वी कामगार कायद्याच्या जाणकाराला तो दाखवा. ‘स्वच्छ रेकॉर्ड’ हा मोबदला नव्हे. पद रद्द झाल्याने कोणाचे रेकॉर्ड मळत नाही.

आता नोकरीच्या शोधाविषयी. वेळ महत्त्वाचा आहे, हे घाबरवण्यासाठी म्हणत नाही. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील शहरांत काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले होते. बेकारीचा काळ वाढत जातो तसे मुलाखतीचे बोलावणे कमी होते आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते, असे त्यातून दिसले. कागदपत्रांचा घोळ आजच टाळा, असे मी सांगते त्यामागे हेही कारण आहे.

तरीही दिवसभर संकेतस्थळांवर अर्ज टाकत बसणे मला पटत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 च्या निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची माहिती दिली आहे. ज्यांच्यामुळे नोकरी मिळाली, त्यांना वारंवार भेटणारे लोक 17 टक्क्यांहूनही कमी होते. उरलेल्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. जवळच्या मित्रांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. म्हणून पूर्वीचे सहकारी, जुने ग्राहक, कधीकाळी एकाच प्रकल्पावर काम केलेले लोक यांना चार ओळींचा संदेश पाठवा. त्यात नोकरी मागू नका, त्यांच्या क्षेत्रात काय चालले आहे ते विचारा आणि तुम्ही काय शोधत आहात ते सांगा.

मनातल्या रागाचेही काहीतरी करावे लागते. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेरा, बुरफाइंड आणि पेनेबेकर यांच्या अभ्यासात नोकरी गेलेल्या अभियंत्यांपैकी एका गटाने सलग 5 दिवस रोज 20 मिनिटे नोकरी जाण्याविषयी मनातले लिहून काढले आणि त्या गटाला नव्या नोकऱ्या लवकर मिळाल्या. त्यांनी अर्ज जास्त केले नव्हते, ही त्यातली लक्षात घेण्याजोगी बाब. सहभागी थोडे होते, त्यामुळे हा रामबाण उपाय आहे असे मी म्हणत नाही. पण मुलाखतीत जुन्या कंपनीचे नाव निघताच आवाज चढत असेल, तर ती आग कागदावर काढलेली बरी. कंपनीने आयोजित केलेल्या ‘सकारात्मक राहा’ छापाच्या कार्यशाळेपेक्षा मला हे निश्चितच उपयोगी वाटले.

मुलाखतीत लपवू नका. ‘कंपनीने आमचा विभाग बंद केला, त्यात माझे पद गेले’ एवढे एक वाक्य बोला आणि लगेच तुम्ही केलेल्या कामावर या. किती जण गेले, कोणाला ठेवले, ते अन्यायाचे होते का, हे विचारल्याशिवाय सांगू नका. रिझ्युमेमध्ये सेवेचा शेवटचा महिना खरा लिहा; ‘आजपर्यंत’ असे ठेवलेले पडताळणीत सापडते. आणि ऑफर हाती येताच, पडताळणी सुरू होण्याआधीच, पद रद्द झाल्याचे पत्र नव्या कंपनीच्या एचआरला स्वतःहून पाठवा. ते तोवर मिळाले नसेल, तर त्यासाठी केलेला पत्रव्यवहार पाठवा आणि जुन्या कार्यालयाच्या नोंदीत वेगळे कारण असू शकते हेही कळवून ठेवा.