दोन कोड आले, तिसरा का नाही आला?

वाचकांचे प्रश्न : दुचाकी

प्रश्न : माझी सिंगल सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शनवाली मोटरसायकल आहे. परवा प्रेशर पंपाने धुतली आणि दुसऱ्या दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, तो विझायचं नाव घेत नाही. गाडी चालते, पण पिकअप मेलाय आणि रेस सोडली की बंद पडायला बघते. ब्लूटूथ स्कॅनर लावला तर दोन कोड मिळाले, पी०१०७ आणि पी०१२२. ॲप म्हणतं, पहिला मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आणि दुसरा थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा (रेस किती दिली ते मोजणारा). दोन्ही सेन्सर एकदम गेले समजायचे का? नवे मागवू?

उत्तर : काहीही मागवू नका. तुमच्या पत्रातच निम्मं निदान आहे. कोड लिहून पाठवलेत, गाडी धुतल्याचंही सांगितलंत. नाहीतर बहुतेक पत्रांत ‘दिवा लागतो, उपाय सांगा’ एवढंच असतं.

आधी कोड काय म्हणतो ते बघू. दोन्हींचं पूर्ण वर्णन ॲपमध्ये उघडून वाचा, शेवटी ‘लो’ असा शब्द दिसेल. म्हणजे सेन्सर मेला असं इसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) म्हणतच नाहीये. त्या सेन्सरच्या सिग्नल वायरवर असायला हवं त्यापेक्षा कमी व्होल्टेज दिसतंय, एवढीच त्याची तक्रार आहे. वायर तुटली, पिन गंजली, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) सैल झाला की सेन्सर खरंच बिघडला, हे त्याला बसल्या जागेवरून कळत नाही. कोड गल्ली दाखवतो, घर आपण शोधायचं.

आता गंमत बघा. धडधाकट चालणारे दोन सेन्सर एकाच रात्रीत मरत नाहीत. असे दोन कोड जोडीने आले की मी सेन्सरकडे बघतच नाही, त्या दोघांत सामाईक काय आहे ते शोधतो. मॅप आणि थ्रॉटल पोझिशन या दोघांना इसीयूकडून ५ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो बहुधा एकाच वायरने येतो. ती वायर कुठे अडली की दोघांचेही सिग्नल एकदम खाली बसतात.

लहान इंजेक्शन गाड्यांत तर बऱ्याचदा मॅप, थ्रॉटल पोझिशन आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर हे तिघंही थ्रॉटल बॉडीवरच्या एकाच डबीत असतात. त्या डबीला पाच पिनांचा एकच कपलर : ५ व्होल्ट, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी वायर) आणि तीन सिग्नल. तुमच्या गाडीत अशी डबी असेल (पाच वायरी मोजल्या की कळेल), तर जो कोड आला नाही तोही वाचायला शिका. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला ५ व्होल्टच्या त्या वायरशी देणंघेणं नसतं. इसीयू त्याच्या सिग्नल वायरवरच आतून ५ व्होल्ट लावून ठेवतो. कपलर पूर्ण निघाला असता तर ती वायर उघडी पडून व्होल्टेज वर गेलं असतं आणि पी०११३, म्हणजे या सेन्सरचा ‘हाय’ कोड, आला असता. अर्थ तुटला असता तरी पी०११३ आला असताच, वर मॅप आणि थ्रॉटलचे कोड ‘लो’ऐवजी ‘हाय’ आले असते. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. म्हणजे कपलर जागेवर आहे, अर्थ ठीक आहे आणि संशयित उरतो तो ५ व्होल्टचा रस्ता. गाडी कालपरवा धुतलेली असल्यामुळे मी आधी त्या पिनेत शिरलेल्या पाण्यावर बोट ठेवेन.

खात्री करायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. आधी बॅटरी बघा : बंद गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.५ ते १४.५. बॅटरी पडलेली असेल तर इसीयू भलतेसलते कोड देतो, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

मग किल्ली बंद करून कपलर काढा. लॉकची जीभ दाबून प्लास्टिकला धरून ओढा, वायरींना हिसका देऊ नका. उजेडात आत बघा. एखादी पिन हिरवट दिसते का? बाकीच्यांपेक्षा आत ढकलली गेली आहे का? कपलरच्या कडेची रबरी सील दुमडली आहे का? पाणी शिरायला एवढी फट पुष्कळ होते. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, हवेने वाळवा, पुन्हा बघा. पेट्रोलने पुसू नका. सँडपेपर तर मुळीच नको, पिनेवरचा पातळ मुलामा निघून जातो आणि गंजाला मोकळं रान मिळतं.

सगळं स्वच्छ दिसलं तर मोजमाप. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला. किल्ली चालू, इंजिन बंद आणि किल स्विच ‘रन’वर, हा बंद असला तर काही गाड्यांत इसीयूला करंटच मिळत नाही आणि माणूस उगाच वायरिंग उसवत बसतो. लाल तारेचं जाड टोक कपलरच्या भोकात खुपसू नका. आतली पकड रुंदावते आणि नव्या सैल कनेक्शनचा घोळ सुरू होतो. एक बारीक टाचणी कपलरच्या मागून, ५ व्होल्टच्या वायरीच्या कडेने, सीलमधून हलकेच आत सरकवा आणि लाल टोक टाचणीला लावा. कुठली वायर कुठली ते सर्व्हिस मॅन्युअलच्या वायरिंग नकाशात बघा, रंगावरून अंदाज करू नका.

तिथे ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. शून्य किंवा अर्धवट आला तर सेन्सर निर्दोष, वायरीचा माग काढायचा. मीटर लावलेलाच ठेवून टाकीखालून, फ्रेमच्या कडेने जाणारी वायरिंगची दोरी थोडीथोडी हलवत पुढे सरका. आकडा जिथे उडी मारेल तिथे वायर घासलेली किंवा आतून तुटलेली सापडेल. मॅप आणि थ्रॉटलचे सेन्सर वेगवेगळे असतील, तर त्यांचे कपलर एकेक करून काढून बघा. एक काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत आले तर तोच सेन्सर आतून शॉर्ट होऊन दुसऱ्यालाही खाली ओढत होता.

आणि पुरवठा बरोबर आला तर? कपलर जोडलेला असतानाच थ्रॉटलच्या सिग्नल वायरवर मोजा. बंद थ्रॉटलला साधारण अर्धा व्होल्ट, मग मूठ अगदी सावकाश पिळत नेलीत की आकडा सलग चढत ४ च्या पुढे जायला हवा. मध्ये कुठे धपकन पडला तर मात्र त्या डबीचे दिवस भरले. तेव्हा नवी मागवा, आधी नाही.

कोड पुसण्यापूर्वी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. आणि काम झाल्यावर स्कॅनर लावून विसरू नका, तो बसून बॅटरी पितो.

प्रश्न : माझ्याकडे स्कॅनर नाही. मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे सर्व्हिस कपलर शॉर्ट केल्यावर दिवा एकदा लांब आणि दोनदा छोटा लुकलुकतो, मग थांबून पुन्हा तेच. गाडी होंडा आहे. याचा अर्थ काय लावायचा?

उत्तर : होंडाच्या या पद्धतीत लांब उघडझाप म्हणजे १० आणि छोटी म्हणजे १. तुमचा आकडा १२ झाला, आणि १२ म्हणजे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा). गाडी सिंगल सिलिंडरची असेल तर कुठला इंजेक्टर हा प्रश्नच नाही. इथेही इंजेक्टर काढायच्या आधी त्याचा दोन पिनांचा कपलर बघा, तो इंजिनजवळच्या उष्णतेत आणि हादऱ्यांत असतो. ८ आला असता तर थ्रॉटल पोझिशन, ९ म्हणजे हवेचं तापमान, २१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. हा तक्ता दुसऱ्या कंपनीच्या गाडीला लावू नका, प्रत्येकाची बाराखडी वेगळी. उघडझाप निदान तीन फेऱ्या बघून लिहून घ्या. घाईत लांब आणि छोटी यांची अदलाबदल होते.

प्रश्न : बॅटरीची वायर काढून परत लावली की दिवा जातो म्हणतात. करू का?

उत्तर : काही गाड्यांत जातो, काहींत कोड इसीयूच्या कायमच्या स्मृतीत राहतो. गेला तरी बिघाड तिथेच असतो, पुरावा मात्र पुसला जातो आणि वर घड्याळ पुन्हा लावायचं काम मागे लागतं. करू नका.

प्रश्न : किल्ली फिरवली की पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो. गाडी दाखवून आणू का?

उत्तर : नको, ती दिव्याची स्वतःची चाचणी आहे. किल्ली फिरवून तो लागलाच नाही तर मात्र दाखवा, विशेषतः गाडी जुनी विकत घेतली असेल तर. दिवा लपवून गाडी विकणारे महाभाग आहेत. आणि पिवळ्यात नि लाल तेलाच्या दिव्यात गल्लत नको. पिवळा लागला तर जपून घरापर्यंत जाता येतं, चालू गाडीत लाल लागला की बाजूला घेऊन तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं.