'अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या टेक्सस राज्यातल्या लूकेनबाक या छोट्या ठिकाणाविषयी मराठीत लिहिताना 'अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी'साठी 'असंघटित समुदाय' चालेल का?

नाही. 'असंघटित' म्हटलं की आपल्याला बांधकाम मजूर, घरकामगार आठवतात. आणि समुदाय माणसांचा असतो. इथे बोलणं ठिकाणाबद्दल आहे. 'अनिगमित' हिंदी वळणाचा. तिकडचं नगर निगम म्हणजे आपली महानगरपालिका. मराठीत नुसतं 'निगम' वाचलं तर मन वेदांकडे जातं. 'असमाविष्ट' त्याहून फसवा. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली, त्यांना सगळे 'समाविष्ट गावं' म्हणतात. म्हणजे 'असमाविष्ट' वाचून वाटेल, शेजारच्या शहराने अजून न घेतलेलं गाव. लूकेनबाकला असं शेजारचं शहरच नाही; फ्रेडरिक्सबर्ग तेरा मैलांवर.

मूळ शब्द सांगतो तो कायदेशीर दर्जा: या वस्तीला स्वतःची नगरपालिका नाही. नगराध्यक्ष नाही, स्वतःचे पोलीस नाहीत, कायद्याने आखलेली शीवही नाही. पोलिसाचं काम गिलेस्पी काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं) शेरीफ बघतो. आकाराशी याचा संबंध नाही. नेब्रास्कातल्या मोनोवायची लोकसंख्या 2010 च्या जनगणनेत 1 होती, तरी ते रीतसर पालिका असलेलं गाव. तेव्हा नगराध्यक्ष, कारकून, खजिनदार सगळं तिथे राहणारी ती एकच बाई होती. उलट लास वेगासचे प्रसिद्ध कॅसिनो बहुतांशी पॅराडाइज नावाच्या, पालिका नसलेल्या भागात आहेत आणि तिथे दीड लाखाहून जास्त लोक राहतात.

मग 'वाडी' म्हणू या? मोह होतो, पण वाडी कुठल्यातरी मौजाची असते आणि तिच्यावर ग्रामपंचायत असते. लूकेनबाक आणि काउंटी यांच्यामध्ये काहीच नाही. 'ओसाड गाव'ही नको, कारण तिथला नाचाचा हॉल आजही गजबजतो.

माझं मत: पहिल्यांदा 'नगरपालिका नसलेली वस्ती' असं उलगडून लिहावं, पुढे नुसतं 'वस्ती'. कोष्टकात जागा कमी असेल तर 'बिनपालिका वस्ती'. 'बिनशेती'ला सरावलेल्यांना ते खटकू नये.

हे वाक्य वापरून पाहा: 'लूकेनबाक ही जर्मन वसाहतकऱ्यांनी वसवलेली, नगरपालिका नसलेली वस्ती. 1854 मध्ये इथे साउथ ग्रेप क्रीक नावाने टपालघर उघडलं. 1886 मध्ये ते लूकेनबाक या नावाने पुन्हा सुरू झालं. 1904 मध्ये लोकसंख्या 492 वर गेली, 1970 च्या सुमारास लोकसंख्या 3 अशी जाहिरात देऊन इथली जमीन, दुकान आणि हॉल विकले गेले आणि 1971 मध्ये टपालघर बंद झालं.' यात 'गाव विकलं' लिहू नका, वाचकाला जहागीर वाटेल. विकली गेली ती खासगी जमीन, दुकान आणि हॉल.

आणि 'लकेनबाख' नव्हे. नाव जर्मन असलं तरी तिथले लोक 'लूकेनबाक'च म्हणतात.