एक शब्द कळत नाही, तरी डेड केनेडीजना समाजावर टीका करणारा बँड का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की डेड केनेडीज या अमेरिकन पंक रॉक बँडची गाणी लावली, नुसता गोंगाट वाटला, आणि यात सामाजिक टीका कुठाय तेच कळेना.

मलाही कळली नव्हती. मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला आहे, दिवसभर कानाशी ग्राइंडर. घरी येऊन हे लावलं की आई विचारते, "कान किटले न्हाईत व्हय रे तुझे?"

१९८१ ची त्यांची 'इन गॉड वी ट्रस्ट, इंक.' ही रेकॉर्ड घ्या. आठ गाणी, सगळी मिळून पंधरा मिनिटंसुद्धा नाहीत. देवळात हरिपाठ संपेपर्यंत दोनदा ऐकून होतील. त्यातल्या 'केपोन फॅक्टरी'चे शब्द आधी वाचा, मग गाणं लावा. केपोन म्हणजे कीटकनाशक. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या होपवेलला ते बनवणाऱ्या कामगारांचे हातपाय थरथरायला लागले. १९७५ साली कारखाना बंद पडला, जेम्स नदीतली मासेमारीही थांबवली. गाण्यात बोलतो तो कामगारच. पेपरात जाहिरात बघून लागलेला, पिंपं हलवणारा, बोटांवर चकाकती धूळ घेऊन फिरणारा. ती धूळ मला कुणी समजावून सांगायला नको. दीड मिनिटाच्या आत गाणं खलास. त्याला दम घ्यायला सवड नाही, म्हणून ऐकणाऱ्यालाही नाही.

दुसरं म्हणजे सोंग. गायक जेलो बियाफ्रा पुष्कळदा ज्याच्यावर टीका करायची त्याच्याच तोंडून गातो. भारुडात नाथ महाराज सोंग घेतात ना, तसंच. १९८० च्या 'किल द पुअर'मध्ये बोलणारा न्यूट्रॉन बॉम्बवर खूश आहे, कारण माणसं मरतात आणि मालमत्ता शाबूत राहते. हे सरळ अर्थानं घेतलं की फसलात. बँडचा गिटारवाला ईस्ट बे रे याची गिटार तर समुद्रकिनाऱ्यावरच्या जुन्या सर्फ गाण्यांसारखी घुमते, त्यामुळे ते बोलणं आणखीच किळसवाणं होतं. १९८१ मध्ये ड्रमर बदलला, डी. एच. पेलिग्रो आला आणि वेग वाढला. हलगीवाला ऐन रंगात येतो तेव्हाचा कडकडाट, पण पहिल्या ठोक्यापासून.

शब्द नीट पोचत नाहीत हा मात्र मला दोषच वाटतो. अण्णा भाऊंची 'माझी मैना' आमच्या भागात म्हाताऱ्यांना पाठ आहे. बेळगाव, कारवार, निपाणी, एकेक नाव मागच्या रांगेतल्यालाही ऐकू जातं. शाहिराला ते जमतं, बियाफ्राला प्रत्येक वेळी नाही.

सुरुवात 'हॉलिडे इन कंबोडिया'पासून करा. आधी बास गिटार, मग गिटारची भुतासारखी घुमण, आणि गायक शब्द जरा सुटे टाकतो. हेडफोन लावा म्हणजे झालं, घरच्यांना कशाला त्रास.