दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार

या महिन्यात मित्रमैत्रिणींना भेटण्यावरूनच एवढी पत्रं आलीयेत की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि इथे ही चार घेतलीयेत.

प्रश्न: ताई, आम्ही कॉलेजचे सात जण, सगळे पुण्यातच आहोत. दोघं कोथरूडला, एक पिंपरीत, एक खराडीला, दोघं सिंहगड रोडला नि एक हडपसरला. ग्रुपवर रोज काहीतरी चालू असतं पण प्रत्यक्ष भेटून आठ महिने झाले. मी दर वेळी तीन तारखांचा पोल टाकतो, मग कुणाच्या मुलाचा क्लास, कुणाचं गावाला जाणं, कुणी बघूनही उत्तरच देत नाही, आणि शेवटी सगळं "पुढच्या महिन्यात नक्की" वर येऊन थांबतं. दर वेळी मीच का करायचं असंही आता वाटायला लागलंय. – एक वाचक, कोथरूड

उत्तर: आधी तो पोल बंद करा. मनापासून सांगतेय, कारण तुम्ही जे शोधताय ते सापडणं फार अवघड आहे. समजा सातातला प्रत्येक जण कुठल्याही एका शनिवारी मोकळा असण्याची शक्यता निम्मी धरली, तर सातही जण एकाच वेळी मोकळे असण्याची शक्यता १२८ मध्ये एक निघते. १२८ शनिवार म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं! म्हणजे तुमचे मित्र वाईट नाहीत आणि त्यांना तुमची किंमत नाही असंही नाही, हिशोबच तसा आहे. पण त्याच हिशोबात दर शनिवारी सरासरी तीन-चार जण मोकळे असतातच की, आणि चौघं जमले तर ती भेटच झाली ना.

म्हणून दिवस कायमचा बांधून टाका. दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार, पाऊस असो, कुणी येवो न येवो. आपल्या आया-आज्यांच्या भिशी बघा, वीस वीस वर्षं चालल्या, आणि माझं ठाम मत आहे की त्या पैशांमुळे टिकल्या नाहीत, तारीख ठरलेली होती आणि पाळी ठरलेली होती म्हणून टिकल्या. घरातल्या सगळ्यांना माहीत असायचं की आज आईची भिशी आहे, त्या दिवशी कुणी तिला दुसरं काम सांगायचंच नाही. तुमच्याही घरी हे एकदा रुळलं की "त्या दिवशी बाबा नसतात" हे मुलंच सांगायला लागतील.

आणि पाळी. हे तुमच्या थकण्यावरचं उत्तर आहे. सात जण आहात, प्रत्येकाला एक महिना द्या. ज्याची पाळी तो जागा ठरवणार, टेबल लागत असेल तर तोच फोन करणार, शुक्रवारी सगळ्यांना आठवण तोच करणार, आणि बाकीच्यांनी "तिथे नको रे, लांब पडतं" असं म्हणायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करून टाका. एखाद्याचा महिना फसला तर फसू दे, तुम्ही धावत जाऊन सावरायला जाऊ नका, नाहीतर सगळं परत तुमच्याच गळ्यात येईल.

जागेचं म्हणाल तर तुमच्यासाठी मेट्रोने बरंच सोपं केलंय. पिंपरी–स्वारगेट आणि वनाज–रामवाडी या दोन्ही लाइनी शिवाजीनगरच्या कोर्टापाशी एकत्र येतात, तिथे गाडी बदलता येते. पिंपरीवाला थेट येईल, खराडीवाल्याने रामवाडीपर्यंत टू-व्हीलर आणायची, हडपसरवाल्याने स्वारगेटला यायचं, मग डेक्कन-शिवाजीनगर हा पट्टा सगळ्यांना साधारण सारखाच पडतो. आणि रात्रीच्या जेवणाचा हट्ट सोडून बघा. त्याच शनिवारी सकाळी साडेसात-आठला गुडलकला बनमस्का नि चहा किंवा एफसी रोडला वैशाली-रूपालीत इडली (उशिरा गेलात तर रांगेतच गप्पा माराव्या लागतील), दहा-साडेदहाला माणूस घरी परत, मुलांचे क्लास नि घरची कामं सगळं त्यानंतर होतं, खर्चही कमी. ज्यांना संध्याकाळी घरून निघणं जमत नाही ते सकाळी येतात, हा माझा अनुभव आहे.

आता माझंच सांगते. आम्ही नऊ जणी, आमचाही दुसरा शनिवार. सुरुवातीला आम्हीपण सगळ्यांना विचारून ठरवायचो आणि चार महिने काहीच झालं नव्हतं, मग एक मैत्रीण म्हणाली मी दर दुसऱ्या शनिवारी पाचला कमला नेहरू पार्कात बसणारे, या नाहीतर नका येऊ. पहिल्यांदा दोघीच होतो. तिसऱ्या महिन्यात सहा झालो. मध्ये एकदा आमच्यातल्या एकीचे मिस्टर गेले, ती तीन-चार महिने कुणाचाच फोन घेत नव्हती, आम्ही घरी जाऊन आलो तर दारातूनच बोलली. आणि मग एका दुसऱ्या शनिवारी, कुणालाही न सांगता, पाचला ती पार्कात येऊन उभी. नंतर म्हणाली, कुणाला फोन करून "भेटूया का" असं विचारायची ताकदच नव्हती गं, पण तुम्ही इथे असणार हे माहीत होतं. तेव्हापासून आमच्यातल्या कुणीही तारीख पुढे ढकलूया असं म्हणलेलं नाही.

जे पोलला उत्तर देत नाहीत त्यांना ग्रुपवर टोचू नका, रात्री निवांत वेळी फोन करा. आठ महिने न बोललेल्या माणसाला पहिला मेसेज टाकायला लाज वाटते, पण आलेला फोन मात्र तो घेतो.

प्रश्न: आमचा ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींचा पाच जणींचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा जेवायला जातो आणि बिल सारखं वाटून घेतो. एकीची नोकरी मार्चमध्ये गेलीये, ती हल्ली काहीतरी कारण सांगून टाळते. दुसरी एक मात्र तीन-तीन डिश मागवते. बोलायचं कसं? मैत्रीत पैशाचा विषय काढायला फार वाईट वाटतं. – एक वाचक, बाणेर

उत्तर: पुण्यात टीटीएमएम म्हणायला कुणालाच लाज वाटू नये, तुझं तू माझं मी, यात कोरडेपणा नाहीये, उलट ज्याच्या खिशात त्या महिन्यात कमी आहेत त्याला त्यामुळे मान वर करून बसता येतं. सारखं वाटून घेण्यात नेमकी तीच अडचण आहे. जिने नुसती कॉफी घेतली तिने दुसरीच्या पनीरचे पैसे का द्यायचे, आणि ती हे बोलूही शकत नाही, मग ती यायचंच बंद करते. तुमच्या मैत्रिणीचं तेच झालंय असं मला वाटतं.

पण तिच्यासाठी "तुझं आम्ही भरतो" असं सगळ्यांसमोर करू नका. त्यापेक्षा ठिकाणच बदला. दोन-तीन महिने हॉटेलच नको, तळजाईला फिरायला जा, किंवा कुणाच्या घरी जमा, एकीने पोळ्या, एकीने भाजी, एकीने ताक, आणि जिची नोकरी गेलीये तिलाही काहीतरी आणायला सांगाच, तिला वगळू नका. नंतर परत हॉटेलात जाल तेव्हा बसल्याबसल्या वेटरला सांगायचं की बिलं वेगवेगळी लागतील. ते आधी सांगितलं की कुणाचाच चेहरा पडत नाही, बिल आल्यावर विषय काढला की पडतो. तीन डिशवाल्या मैत्रिणीला वेगळं काही समजवायची मग गरजच उरत नाही.

बाहेरगावी जाणार असाल, हुरडा पार्टीला वगैरे, तर काँट्री आधी काढा. जिच्याकडे हिशोब ती सगळ्यांकडून आधीच यूपीआयने घेईल आणि उरलेले परत करेल. नंतर मागत बसणं फार जिवावर येतं आणि पन्नास-शंभर रुपयांवरून मनात अढी बसलेली मी पाहिलीये.

प्रश्न: मी ६८ वर्षांची आहे. आम्ही शाळेपासूनच्या सहा मैत्रिणी. आता दोघींच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयेत, एक काठी घेऊन चालते. पूर्वी पर्वतीवर जायचो, ते संपलं. मुलं म्हणतात व्हिडिओ कॉल कर की. – एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर: व्हिडिओ कॉल करा, पण भेट सोडू नका. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आता नकोतच. संभाजी उद्यान बघा, मेट्रोचं स्टेशन अगदी बागेजवळ आहे आणि स्टेशनला लिफ्ट असते, बाकड्यांवर बसून गप्पा होतात. शेजारीच बालगंधर्व रंगमंदिर आहे. १९६८ साली ते उघडलं, म्हणजे तुम्ही शाळेत असताना! दुपारचा प्रयोग असेल तर आधी बागेत बसायचं, मग नाटक, आणि अंधार पडायच्या आत घरी. तिकिटं काढताना कडेच्या खुर्च्या मागा, पाय लांब करता येतात. रिक्षा दोघी-दोघींत एक करा आणि जिला सगळ्यात त्रास आहे तिच्या घराजवळची जागा महिन्याआड तरी ठेवा, म्हणजे तिला दर वेळी आपलं ओझं होतंय असं वाटणार नाही.

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांचा, लातूरचा, दीड वर्षापासून वाकडला राहतो. ऑफिसात सगळ्यांशी बोलणं आहे पण शनिवार-रविवार रूमवरच जातो. पुण्यातल्या लोकांचे ग्रुप आधीच झालेले असतात, त्यात नवीन माणसाने शिरायचं कसं? कधीकधी दोन दिवस कुणाशीच बोलणं होत नाही. – एक वाचक

उत्तर: बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिली गोष्ट, तुझ्यात काही कमी नाहीये, तुला अजून तेवढे तासच मिळालेले नाहीत. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये यावर अभ्यास छापलाय, त्यात ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, खरा मित्र व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर, असं निघालं. आणि नुसतं एकत्र काम केलेले तास त्यात फारसे कामाला येत नाहीत, गप्पा, खाणं, फिरणं यातले तास लागतात. आता बघ, महिन्यातून एकदा तीन तास भेटलं तर वर्षाचे ३६ होतात. जुन्या मित्रांना ते पुरतं, तुला नाही पुरणार. तुला दर आठवड्याला तीच माणसं दिसतील असं काहीतरी धरायला हवं.

म्हणून एकदाच होणारे मोठे कार्यक्रम शोधू नकोस, तिथे दर वेळी नवीनच शंभर चेहरे असतात. एकच टेकडी नाहीतर एकच मैदान पकड, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तुला जी जवळ पडेल ती, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी जा. महिन्याभरात तेच काका नि तीच पोरं रोज भेटायला लागतात, आधी नुसती मान हलते, मग "काल दिसला नाहीत" होतं. बॅडमिंटन, ढोल-ताशा पथक, तबल्याचा क्लास, काहीही चालेल, फक्त तीन महिने सोडायचं नाही. पथकांचा सराव गणपतीच्या आधी बरेच आठवडे चालतो आणि तिथे रोजचे तास मिळतात, त्या मुलांच्या मैत्र्या पुढे वर्षानुवर्षं राहिलेल्या मी माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिल्यात.

आणि ग्रुपात शिरायची वाट बघण्यापेक्षा तूच बोलव. ऑफिसात तुझ्यासारखे बाहेरगावचे किमान दोघं-तिघं नक्की असतील, तेही रूमवरच बसलेले असतील. "कधीतरी जाऊया" असं म्हणू नकोस, त्याला कुणी उत्तर देत नाही. "रविवारी सकाळची लोणावळा लोकल पकडतोय, भाजे लेणी बघून दुपारपर्यंत परत, येतोस का" असं म्हण. तुला वाकडहून चिंचवड स्टेशन जवळ पडेल, माळवलीला उतरायचं आणि तिथून चालत जाता येतं, डोंगरात कोरलेली २२ लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी, आणि पायऱ्या चढताना माणसं आपोआप बोलायला लागतात, समोरासमोर टेबलावर बसून नवीन माणसाशी जे जमत नाही ते तिथे जमतं. कुणीच आलं नाही तर एकटा जा, सोमवारी फोटो दाखव, पुढच्या खेपेला एक तरी येईल. पहिल्या वेळी लेणीच बघून या, वर लोहगड आहे तो ठेवून द्या, म्हणजे उतरताना "पुढच्या रविवारी वर जाऊया का" हे विचारायला तुला काहीतरी हातात राहील.