विझली तर परत लाव

कोल्हापूर,
२८ जानेवारी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, व्हॉट्सअ‍ॅपवर एकामागून एक नऊ मेसेज. पण सलग वाचले तर ते पत्रच होतं, म्हणून मीही कागद-पेन घेऊन बसलोय. लिहून झालं की नातू फोटो काढून तुला पाठवेल.

"काका, मी दमलो आता. नवस बोललो, अकरा मंगळवार केले, जोतिबाला अनवाणी जाऊन आलो, तरी पोलीस भरती तीन मार्कांनी गेलीच. अभ्यासाला बसतो तर मन लागत नाही. देवाला दिसत नाही का?" (पुण्याकडच्या कुणी वाचलं तर त्याला वाटेल, कुणा मुलानं लिहिलंय. आपल्याकडं पोरी सरसकट ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, ते त्यांना काय ठाऊक! वर्दी अंगावर आली तरी असंच बोल.)

देवाला काय दिसतं ते मी सांगू शकत नाही. मला मात्र एक दिसलं. तुझे मार्क तू शेवटच्या मेसेजात टाकलेस म्हणून बरं झालं. मैदानी चाचणीत ५० पैकी ४१. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळा, सगळं चोख. लेखी १०० ची. त्यात मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता बरे म्हणण्यासारखे. आणि अंकगणितात २५ पैकी ११. राग मानू नकोस, पण तुझ्या नऊ मेसेजांत अंबाबाई चार वेळा आली आणि अंकगणित एकदाही नाही.

मी हसत नाही तुला. या वाटेनं मी स्वतः गेलोय, म्हणून लगेच ओळखलं.

१९८६ साली आमच्या खात्याची परीक्षा होती. पास झालं तर वरची जागा, नाही तर त्याच खुर्चीत तीच जावक बारनिशी, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांची नोंदवही. मी काय केलं असेल? जोतिबा झाला, नरसोबाची वाडी झाली, आदमापूर झालं. प्रत्येक ठिकाणी पास होण्याचं मागणं मागून आलो, आणि परत आल्यावर इतकं हलकं वाटायचं की वाटे, निम्मं काम झालंच. नवसाचं हेच अवघड आहे. बोलून झाला की मनाला हप्ता भरल्यासारखं वाटतं. पुस्तक मात्र होतं तिथंच असतं. नापास झालो. पुढच्या खेपेला पुन्हा नापास. मग चार महिने देवळाकडं फिरकलो नाही. रुसलो होतो म्हण ना! देवाशी व्यवहार मांडला होता, आणि माझ्या लेखी त्यानं तो मोडला होता.

आमचं घर शिवाजी पेठेत, दोन खोल्यांचं. देव्हारा स्वयंपाकघरातच, चुलीच्या समोरच्या कोपऱ्यात. आई तिसरी शिकलेली. एका संध्याकाळी दिवेलागणीला तिनं देवापुढचं पितळी निरांजन उचललं आणि माझ्या पुस्तकासमोर आणून ठेवलं. एक फुलवात, चमचा-दीड चमचा तूप. म्हणाली, "ही तेवतीय तवर उठायचं न्हाई. बाकी काय मागू नगंस तिच्याकडं."

आमच्या त्या निरांजनात फुलवात साधारण अर्धा तास तेवायची. अर्धा तास म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं. पहिल्या दिवशी दहाव्या मिनिटाला तहान लागली. मग आठवलं की सायकलला कुलूप लावलेलं नाही. मग शेजारच्या रेडिओवर बातम्या लागल्या. देवासमोरचा दिवा समोर होता म्हणून उठायची लाज वाटत होती, एवढंच. बूड पाटावर होतं, मन पार बिंदू चौकात जाऊन भेळ खाऊन आलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी पान उलटताना बाही लागली आणि वात विझली. माझ्या पोटात गोळा आला. देवाचा दिवा विझला, म्हणजे अपशकुनच की! आता यंदाही जाणार, हे मनानं धरूनच घेतलं. आई भाकरी थापत होती. मागं वळून न बघता म्हणाली, "विझली तर परत लाव की. काडेपेटी हाय न्हवं?"

तिच्या दृष्टीनं ते एवढंच होतं. पिठाचे हात, तव्यावर भाकरी, आणि विझलेली वात. यात अपशकुन बसवायला तिला सवड नव्हती. मी मात्र ते वाक्य पुढं नोकरीभर वापरलं.

तुझं मन लागत नाही ना? कुणाचं लागतं! मन जातं म्हणून तू रडतेस, आणि रडण्यात उरलेला अर्धा तास घालवतेस. तालमीत आमचे वस्ताद सांगायचे, माती अंगाला लागणारच, पाठ लागली की कुस्ती गेली. मन भटकलं ही नुसती अंगाला लागलेली माती. ‘माझ्याच्यानं होत नाही’ म्हणून पुस्तक मिटलंस, की पाठ लागली. वीस वेळा गेलं तर वीस वेळा आण. पहिल्या महिन्यात मी अर्ध्या तासात वीसदा गेलो असेन. तिसऱ्या महिन्यात पाच-सहादा. अजिबात गेलो नाही, असा दिवस आजपर्यंत उगवलेला नाही. आता जप करतानासुद्धा मन मंडईत जाऊन येतं.

तालमीचा विषय निघालाच आहे तर उपासाचंही बोलून टाकतो. मंगळवार-शुक्रवार देवीचे, मान्य. पण तू मंगळवारी दिवसभर साबुदाण्यावर काढतेस आणि संध्याकाळी आठशे मीटरचे तीन राउंड मारतेस, हे ऐकून मला काळजीच वाटली. आमच्या तालमीत एक पोरगा शनिवारी मारुतीचा कडक उपास धरायचा आणि कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरला की घेरी यायची त्याला. तालीम म्हटली की मारुती आलाच. लाल माती कपाळाला लावल्याशिवाय कुणी जोर मारत नाही. तरी वस्तादांनी त्या पोराला मारुतीसमोरच उभं केलं आणि विचारलं, "यानं उपास करून द्रोणागिरी उचलला असं कुठं ऐकलंयस का रं?" आणि थंडाईचा गडू हातात दिला. तू आईला विचार, घरातलं मोडायला मी सांगणार नाही. पण पळायच्या दिवशी पोटात दूध, केळं, शेंगदाणे-गूळ असू दे. देवीला काही सोडल्याचं समाधान हवंच असेल तर रात्रीचे रील्स सोड. माझ्या मते तो उपास जास्त कडक आहे.

आता अंकगणित. मी काही क्लासवाला नाही, तरी हिशेबात आयुष्य गेलंय. तू एका बैठकीत शेकडेवारी, नफा-तोटा, सरासरी, काळ-काम-वेग सगळं उघडून बसतेस आणि तासाभरात सगळ्याचा कंटाळा करतेस. एका फुलवातीला एकच प्रकार घे. पंधरा दिवस फक्त शेकडेवारी, कारण नफा-तोटा आणि व्याज तिच्याच पोटात आहेत. पाढे तीसपर्यंत म्हण. लाज वाटत असेल तर पळताना मनात म्हण. चुकलेलं उदाहरण खोडू नकोस, खाली परत सोडव आणि बाजूला तारीख घाल. लेखीला ९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला मिनिटही पुरतं मिळत नाही. पण घड्याळ लावून सोडवायचं दुसऱ्या महिन्यापासून. आधी बसायला शीक.

बाकीच्या विषयांना तू जसं करतेस तसंच कर. तिथं माझं काही म्हणणं नाही.

खोलीवर तिघीजणी राहता, निरांजनाला घरमालकीण नको म्हणाली तर उदबत्ती लाव. तीही अर्धा-पाऊण तास जाते. पडद्यापासून लांब ठेव, गादीवर बसून वाचतेस म्हणून मुद्दाम सांगतोय. आणि मोबाईल देवाच्या फोटोमागं ठेव. उचलायचा झाला तर देवीला बाजूला सारावं लागेल, तेवढ्यात शहाणपण सुचतं. नातवाला हा उपाय सांगितला तर म्हणाला, आजोबा, देवीला वॉचमन केलंत! म्हटलं, असू दे, आईच आहे ती.

आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला तू टीव्हीवर पाहिलंस, मीही पाहिलं. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस. ५० मीटर रायफल, आधी गुडघ्यावर, मग पोटावर झोपून, मग उभं राहून. गुडघ्यावरची फेरी संपली तेव्हा तो मागं होता. शेवटी ४५१.४ गुणांवर तिसरा आला आणि कांस्य घेतलं. आमच्या गल्लीत फटाके वाजले. मला मात्र नंतर कितीतरी दिवस मधला तो वेळ आठवत राहिला. मागं आहोत हे माहीत असताना पुन्हा गाल रायफलीला टेकवायचा, श्वास धरायचा आणि समोरचा एकच टिपका बघायचा. गेलेली गोळी गेली. तुझे ते तीन मार्क म्हणजे गेलेली गोळी आहे, पोरी. तू अजून तिच्यामागं धावतेयस.

तू विचारशील, मग काका, देवाचं काय? सगळं आपणच करायचं तर अंबाबाई कशाला?

हे मी स्वतःलाही विचारलंय, आणि माझं उत्तर किरणोत्सवात आहे. तू कोल्हापूर जिल्ह्याची, पण किरणोत्सव आतून बघितलेला नाहीस, हे मागं बोलली होतीस. देऊळ पश्चिममुखी. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात ९, १०, ११ ला आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, मावळतीचं ऊन महाद्वारातून शिरतं, गरुड मंडपातून पुढं सरकतं, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा ओलांडून गाभाऱ्यात येतं. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखावर. आतले दिवे बंद करतात. एरवी एवढा गलका असतो, पण त्या चार-सहा मिनिटांत बांगडी वाजली तरी ऐकू येते.

आणि दर वर्षी ते पोचतंच असं नाही. एका नोव्हेंबरात मी आत होतो. ऊन पायांवर आलं, गुडघ्यांवर आलं, कमरेला टेकलं आणि ढगात गेलं. शेजारच्या म्हातारीनं हात जोडले, "बरं, उद्या," म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. ना रुसवा, ना अपशकुन. माझी आई असती तर अशीच उठली असती.

ढगाला कोण काय करणार? पण मधल्या काळात महाद्वार रोडवर इमारती वाढल्या आणि किरणं अडू लागली, तेव्हा लोकांनी नुसते हात जोडले नाहीत. कुठलं बांधकाम आडवं येतं त्याची मोजमापं झाली, आड येणारे काही भाग काढले गेले. सूर्य आणायचं काम कुणी अंगावर घेतलं नाही. वाटेतलं काढलं, दिवे मालवले आणि वेळेवर जाऊन बसले. माझी श्रद्धा आता एवढीच राहिलीय. पूर्वीपेक्षा लहान आहे, पण टिकली आहे.

तिसऱ्या खेपेला मी पास झालो. नवस फेडायला गेलो नाही, कारण त्या वेळी बोललोच नव्हतो. आईनं मात्र अंबाबाईला खण-नारळ नेला. माझ्यासाठी काय मागितलं होतंस असं विचारलं, तर म्हणाली, "तुज्यासाठी न्हाई, तूप मागत हुतो. लई लागलं औंदा."

तर १ फेब्रुवारीला साडेपाचच्या आत महाद्वारापाशी ये. गर्दी असेल, पायांत साधी चप्पल घाल. काकू येणार आहे, तुझ्यासाठी मेथीची भाकरी आणि लसणाची चटणी बांधून आणणार आहे, आणि तो मंगळवार-शुक्रवार नाहीय हे तिनं कॅलेंडरात बघून ठेवलंय. येताना शेकडेवारीची वही आण. आजपासून तोवर चार वाती होतात. कुठली अर्ध्यात विझली असली तर तसं लिही, परत लावलीस का तेही लिही.

तुझा,
काका

ता. क. — दर्शनाच्या रांगेत चालू घडामोडींची पुस्तिका वाचत उभी असतेस असं काकू सांगत होती. ती घरी ठेवून ये.